पाळणेवाल्याची मजुरी

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे सहा महिने राहून आलेल्या आई-बाबांच्या फोनमध्ये दोन फोटो हमखास असतात. एक गोल्डन गेट पुलावरचा आणि दुसरा डिस्नेलँडच्या राजवाड्यासमोरचा. या दुसऱ्या फोटोच्या आदल्या रात्री घरात एक ठरलेला संवाद झालेला असतो. "तिकीट केवढ्याला रे?" "बाबा, तुम्ही रुपयांत हिशेब करू नका हं." बाबा अर्थातच करतात. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमच्या डिस्नेलँडचं गर्दीच्या दिवसाचं तिकीट ऑक्टोबर २०२५ मध्ये २२४ डॉलर झालं. चार मोठ्या माणसांचे ८९६ डॉलर. डॉलर ८८ रुपयांचा धरला तर पाऊण लाखाच्या वर. गाडी लावण्याचे पैसे वेगळे, खाणं-पिणं वेगळं.

आकडा पचवून झाला की बाबा आणखी एक प्रश्न विचारतात, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा मोलाचा आहे. "एवढे पैसे घेतात, तर तिथल्या माणसांना पगारही तसेच देत असतील ना?"

हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे.

डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडलं तेव्हा आत जायला मोठ्यांना १ डॉलर आणि लहानांना ५० सेंट पडत. तो १ डॉलर आजच्या भावात साधारण १२ डॉलर होईल. आतल्या प्रत्येक खेळाचं तिकीट मात्र वेगळं काढावं लागे. म्हणजे आपल्या जत्रेचीच रीत: मैदानात शिरायला फारसं काही लागत नाही, पण आकाशपाळण्याचे निराळे आणि मौत का कुआँचे निराळे. त्याच वर्षी तिकिटांच्या वह्या निघाल्या. पुढे त्यांत 'ए'पासून 'ई'पर्यंत श्रेणी आल्या. सगळ्यात थरारक खेळांना 'ई' तिकीट लागे. हा शब्द अमेरिकन बोलीत इतका मुरला की १९८३ साली अंतराळात जाऊन आलेल्या सॅली राइड यांनी त्या प्रवासाचं वर्णन करताना 'ई तिकीट' हाच शब्द वापरला.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वह्या गेल्या आणि एका तिकिटात सगळे खेळ आले. २००० साली हे तिकीट चाळीस-पंचेचाळीस डॉलरच्या घरात होतं. २०१६ पासून एका दिवसाच्या तिकिटाचे दर दिवसागणिक बदलू लागले. शाळा चालू असतानाचा मंगळवार स्वस्त, नाताळचा आठवडा महाग. सगळ्यात स्वस्त दिवसाचं तिकीट २०१९ पासून १०४ डॉलरवरच आहे, आणि कंपनी ते आवर्जून सांगते. वरचं टोक मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये १९४, वर्षभरानं २०६ आणि त्यानंतरच्या वर्षी २२४ असं चढत गेलं.

रांगेची गोष्ट याहून बोलकी आहे. १९९९ साली 'फास्टपास' आला. यंत्रातून चिठ्ठी काढायची, दिलेल्या वेळी परत यायचं आणि कमी थांबून आत जायचं. ही सोय फुकट होती. २०२१ मध्ये ती बंद झाली आणि तिच्या जागी विकतची रांग आली. २०२४ मध्ये त्याहून वरचा एक पास निघाला. डिस्नेलँडमध्ये सुरुवातीला त्याचा दर माणशी ४०० डॉलर होता, तोही प्रवेशाचं तिकीट सोडून. देवळातल्या पेड दर्शनाची सवय असलेल्या आपल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण सवय झाली म्हणून त्यातला पेच सुटत नाही. दिवसाचे तास तेवढेच आणि पाळण्यातल्या जागाही तेवढ्याच. पैसे भरणारा जेवढा पुढे जातो, तेवढा न भरणारा मागे सरकतो. म्हणजे पूर्वी तिकिटातच मिळणाऱ्या वस्तूचा एक तुकडा कापून तोच पुन्हा विकायला ठेवला आहे.

आता फाटकाच्या आतल्या माणसांकडे येऊ.

डिस्नेच्या बागांत कामगार नावाचा प्राणी नसतो. असतो तो 'कास्ट मेंबर', म्हणजे नाटकातलं पात्र. त्याचा गणवेश म्हणजे 'कॉस्च्युम', गिऱ्हाईक म्हणजे 'गेस्ट'. पाहुण्यांना दिसतो तो भाग 'ऑनस्टेज' आणि भिंतीमागचा 'बॅकस्टेज'. कुणी रस्ता विचारला तर एका बोटानं दाखवायचं नाही, दोन बोटांनी किंवा उघड्या तळव्यानं दाखवायचं, असं शिकवलेलं असतं. पांढऱ्या कपड्यांतला झाडूवाला कधी कधी बादलीत झाडू बुडवतो आणि तापलेल्या फरसबंदीवर चार-सहा फटकाऱ्यांत पाण्यानं मिकी माउस काढून दाखवतो. पोरं भोवती गोळा होतात, फोन वर होतात. कॅलिफोर्नियाच्या उन्हात ते चित्र काही मिनिटांत वाळून जातं आणि झाडूवाला पुढच्या कचऱ्याकडे वळतो.

त्याला पगार झाडण्याचा मिळतो. पण घरी गेल्यावर लक्षात राहतो तो मिकी. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली हवाई सेविकांचा अभ्यास करून अशा कामाला 'भावनिक श्रम' म्हटलं: स्वतःच्या मनात काहीही चाललेलं असो, समोरच्याच्या मनात ठरलेली भावना उत्पन्न करायची आणि तेवढ्यासाठी आपला चेहरा कंपनीला भाड्यानं द्यायचा. जॉन व्हॅन मॅनेन या अभ्यासकानं डिस्नेलँडवरच्या आपल्या निबंधाला नावच 'हास्याचा कारखाना' या अर्थाचं दिलं. आपल्या रंगभूमीवर कलाकाराला प्रयोगाची 'नाइट' मिळते आणि ती किती यावर घासाघीस करता येते. डिस्नेनं कामगाराला पात्र म्हटलं, पण नाइट दिली नाही. दिली ती तासाची मजुरी.

ती किती होती? फेब्रुवारी २०१८ मध्ये ऑक्सिडेंटल कॉलेज आणि इकॉनॉमिक राउंडटेबल या संशोधन संस्थेनं डिस्नेलँडच्या सुमारे ५,००० कामगारांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. दर दहांतल्या एकाहून थोड्या जास्त जणांनी मागच्या दोन वर्षांत कधी ना कधी बेघर झाल्याचं सांगितलं. सुमारे दोन-तृतीयांश कामगारांना पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. ८५ टक्के कामगारांची मजुरी तासाला १५ डॉलरच्या आत होती. महागाई वजा करून पाहिलं तर २००० साली सरासरी मजुरी १५ डॉलर ८० सेंट होती, ती २०१७ पर्यंत १३ डॉलर ३६ सेंटवर उतरली होती. पाहणीचा खर्च कामगार संघटनांनी उचलला होता आणि कंपनीनं ती अशास्त्रीय म्हणून फेटाळली, हेही सांगायला हवं. पण कंपनीचे तेव्हाचे सर्वोच्च अधिकारी बॉब आयगर यांचं त्याच वर्षीचं ६ कोटी ५६ लाख डॉलरचं वेतन तिथल्या मधल्या कर्मचाऱ्याच्या वेतनाच्या १,४२४ पट होतं, हा आकडा कंपनीनंच जाहीर केलेल्या माहितीतला आहे. संस्थापकांपैकी रॉय डिस्ने यांची नात ॲबिगेल डिस्ने हिनं त्यावर जाहीर टीका केली.

अर्थशास्त्र जाणणारे इथं एक मुद्दा काढतील, आणि तो टाकाऊ नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली दाखवून दिलं की माणसाच्या वेळावर चालणारे धंदे कालांतरानं महागच होत जातात. कारखान्यात यंत्र आणून तासाला दहाच्या जागी शंभर नग काढता येतात. विलंबित ख्याल दुप्पट वेगानं गाऊन मैफलीची 'उत्पादकता' वाढवता येत नाही. तरी गवयालाही घर चालवायचं असतं, म्हणून त्याची बिदागी वाढते आणि तिकीटही. बागेचं तसंच आहे, झाडूवाला एका दिवसात किती मिकी काढणार? तेव्हा पगार वाढले म्हणून तिकीट वाढलं, असं म्हणावंसं वाटतं.

हिशेब मात्र तसं म्हणू देत नाही. २००० ते २०१७ या काळात खरी मजुरी घसरत होती आणि तिकीट दुपटीच्या पुढे गेलं. कारण खाली जात असताना परिणाम वर कसा जाईल? आता उलट्या बाजूनं पाहा. २०२४ मध्ये डिस्नेलँडच्या १४,००० कामगारांची किमान मजुरी तासाला १९ डॉलर ९० सेंटवरून २४ डॉलर झाली. हे सगळे वर्षभर पूर्णवेळ काम करतात असं धरलं, जे प्रत्यक्षात खरं नाही, तरी ४ डॉलर १० सेंटच्या वाढीचा बोजा वर्षाला १२ कोटी डॉलरच्या आत बसतो. तिथल्या दोन बागांत मिळून वर्षाला पावणेतीन कोटींच्या आसपास भेटी होतात, असा उद्योगातला अंदाज आहे. म्हणजे दर भेटीमागे साडेचार डॉलरसुद्धा नाहीत. गर्दीच्या दिवसाचं तिकीट मात्र दोन वर्षांत ३० डॉलरनं वाढलं. बागा, जहाजं, हॉटेलं सांभाळणाऱ्या कंपनीच्या शाखेचा २०२४च्या आर्थिक वर्षातला कामकाजी नफा ९ अब्ज डॉलरच्या वर होता.

मला यातून दिसतं ते असं. तिकीट आणि मजुरी हे एकाच वस्तूचे दोन भाव वाटतात, पण ते दोन वेगळ्या बाजारांत ठरतात. पाहुणा किती सोसेल यावर तिकीट ठरतं. नातवंडाला एकदा डिस्नेलँड दाखवायचंच, असं ठरवून सहा-सात तास गाडी चालवून आलेला माणूस खिडकीवरून परत फिरत नाही. जागा मर्यादित आहे, दर उतरवले तर गर्दी आवरणार नाही, हा कंपनीचा युक्तिवादही खोटा नाही. मजुरी मात्र दुसऱ्याच गोष्टीवर ठरते: या कामाला आणखी किती जण तयार आहेत, आणि आत असलेले एकजुटीनं उभे राहतात की नाही.

त्या एकजुटीचा इतिहास सोपा नाही. १९८४ मध्ये डिस्नेलँडचे कामगार २२ दिवस संपावर होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये ॲनाहाइमच्या मतदारांनी ठराव मंजूर केला: शहराकडून सवलत घेणाऱ्या पर्यटन व्यवसायांनी २०१९ पासून किमान १५ डॉलर द्यावेत आणि २०२२ पर्यंत ते १८ डॉलरवर न्यावेत. आपण सवलत घेतच नाही, अशी कंपनीची भूमिका होती. कोर्टात मुद्दा येऊन ठेपला तो १९९६च्या करारावर. त्या करारानुसार शहरानं रोखे काढून परिसर सुधारला होता आणि गाड्या लावायची बहुमजली इमारत बांधली होती. ती कंपनीला वर्षाला १ डॉलर भाड्यानं मिळाली आणि पार्किंगचं उत्पन्नही कंपनीकडेच जात राहिलं. २०२३ मध्ये अपील न्यायालयानं ही सवलतच असल्याचं ठरवलं. २०२४च्या अखेरीस कंपनी २३ कोटी ३० लाख डॉलर द्यायला तयार झाली. ५०,००० हून अधिक आजी-माजी कामगारांची ही थकलेली मजुरी होती.

२४ डॉलरचा करारही आपोआप झाला नाही. जुलै २०२४ मध्ये ९९ टक्के मतांनी संपाचा ठराव झाला. त्याआधी कामगारांनी छातीवर एक बिल्ला लावला होता. त्यावर मिकीचा पांढऱ्या हातमोज्यातला हात होता, फक्त मूठ आवळलेला. तो लावल्याबद्दल शेकडो जणांवर कारवाईचा बडगा उगारल्याची तक्रार संघटनांनी केली. तिकीट वाढवायला असं काहीच लागलं नाही. एका सकाळी नवे दर लागले आणि झालं.

कंपनीच्या बाजूनंही दोन शब्द लिहायला हवेत. २०१८ पासून ती तासाच्या मजुरीवरच्या कामगारांच्या शिक्षणाची फी भरते, आणि कामगारांना बागेत ठरावीक दिवस फुकट प्रवेशही असतो. पण बागेत फुकट जाता येणाऱ्या माणसाला बागेजवळ खोली परवडत नसेल, तर त्या फुकट प्रवेशाचं त्यानं काय करावं?

तेव्हा बाबांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. नाही बाबा, एवढे पैसे घेतात म्हणून तसे पगार देत नाहीत. कामगारांनी मतपेटीतून, कोर्टातून आणि संपाच्या नोटिशीतून जेवढे मागून घेतले, तेवढे देतात. या सुटीत तुम्ही डिस्नेलँडला जा, नाहीतर गावच्या जत्रेला. नातवंडाला पाळण्यात बसवताना दांडा नीट अडकवून देणाऱ्या माणसाला एवढंच विचारा, "दिवसाचे किती मिळतात?" तिकिटाचा दर फाटकावर लिहिलेला असतो. हा दर विचारल्याशिवाय कळत नाही.