अदृष्ट आणि जेल

सुई लोहचुंबकाकडे का सरकते? कणादांच्या वैशेषिक सूत्रांत याचं उत्तर ‘अदृष्ट’ असं आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या कारणाला दिलेलं ते नाव, आणि त्याच दर्शनात पूर्वकर्मातून साठलेल्या धर्माधर्मालाही तोच शब्द. सुईपुरतं अदृष्ट आपण केव्हाच सोडलं. सिकलसेलने तळमळणाऱ्या मुलाला मात्र आजही ‘मागल्या जन्मीचे भोग’ ऐकावे लागतात. गोंदिया जिल्हा या आजाराच्याच पट्ट्यात येतो, म्हणून हा प्रश्न इथे नुसत्या तत्त्वचर्चेचा राहत नाही. 1957 साली इन्ग्रॅम या शास्त्रज्ञाने दाखवलं की सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एका जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं; ती जागा बीटा साखळीतली सहावी. सगळा फरक एवढाच. ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात, पेशीच्या आतला द्रव घट्ट जेल होतो, पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. जेल माणूसही घडवतो. कोळंबीच्या टरफलांतून काढलेल्या कायटोसानच्या द्रावणात ट्रायपॉलिफॉस्फेट ढवळत सोडलं की विरुद्ध विद्युतभारांच्या ओढीने साखळ्या एकमेकींत गुंततात आणि औषध पोटात घेणारे नॅनोकण तयार होतात. कण फार मोठा झाला तर यकृत आणि प्लीहा त्याला रक्तातून उचलतात, फार लहान राहिला तर मूत्रपिंड गाळून टाकतं. एक जेल रक्ताची वाट अडवतं, दुसरं औषध वाहून नेतं. दोन्हीकडे घडतं ते रेणूंच्या ओढीने, त्यात कुणाच्या पापपुण्याला जागा नाही.

कर्मवादी म्हणतील, जनुक हे निमित्त. ते कुणाच्या वाट्याला यावं हे कर्म ठरवतं. आक्षेप हलका नाही, पण वाहकापाशी तो अडखळतो. सदोष जनुक एकाच पालकाकडून आलं तर ते मूल बहुधा निरोगी राहतं, शिवाय फॅल्सिपेरम मलेरियाच्या गंभीर रूपापासून त्याला मोठं संरक्षण मिळतं. दोघांकडून आलं तर तोच बदल यातना देतो. मग त्याला शिक्षा म्हणायचं की बक्षीस? दोन्ही निकालांना सारखंच लागू पडणारं उत्तर काहीच उलगडत नाही. दोष तेवढा आजारी मुलावर आणि त्याच्या आईवर ठेवून जातं. कर्म नाकारलं तर दुःख निरर्थक ठरेल, अशीही भीती घातली जाते. मला ती पटत नाही. वेदना कमी करायला ती कुणाच्या अपराधातून आली हे माहीत असावं लागत नाही. औषध वाहणाऱ्या नॅनोजेलची वाट पाहत बसण्याचंही कारण नाही: हायड्रॉक्सियुरिया आज उपलब्ध आहे, ते गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतं आणि पेशीतलं ते जेल जमण्याला आळा घालतं. आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणी मूल आजारी जन्मण्याची शक्यता 25 टक्के असते. सोयरीक जुळवताना पत्रिका पाहायची तर पाहा, पण दोघांच्या रक्ताची तपासणी आधी करून घ्या.