परतफेडीचा धर्म

भाड्याने आणलेल्या वस्तूचा उपभोग घेताना मनुष्याच्या ठायी जी एक मर्यादा उत्पन्न होते, ती धर्मबुद्धीची म्हणावी की निव्वळ दंडाच्या भयाची, हा प्रश्न व्हिडिओ लायब्रऱ्यांच्या अस्ताचा विचार करताना टाळता येत नाही. मुंबईत १९६२ साली पुस्तकांची सर्क्युलेटिंग लायब्ररी म्हणून निघालेल्या ‘शेमारू’ने १९७९ मध्ये चित्रपटांच्या कॅसेटी भाड्याने देण्यास आरंभ केला, आणि पुढील दशकात गावोगावी तसल्या लायब्रऱ्या उभ्या राहिल्या. अनामत भरावी, वहीत नाव नोंदवावे, कॅसेट मुदतीत परत करावी, अशी ती वहिवाट. आणि परत करण्यापूर्वी ती रिवाइंड करावी, हा तिच्यातील एक सूक्ष्म शिष्टाचार. बटण दाबले की यंत्र घरघरू लागे. चित्रपट पाहून झालेल्याला त्या खटाटोपातून काहीच मिळायचे नसे, मिळायचे ते पुढल्या, कधीही दृष्टीस न पडणाऱ्या गिऱ्हाइकाला. गीतेतील निष्काम कर्माला इतके क्षुद्र उदाहरण शोभत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु फलाशा सोडण्याचा अभ्यास बहुतेकांस अशाच क्षुद्र प्रसंगी घडत असतो.

हे सारे दंडाच्या धाकाने चाले, हा आक्षेप खोटा नाही. अमेरिकेतील ‘ब्लॉकबस्टर’ या बलाढ्य कंपनीच्या उत्पन्नात विलंबशुल्काचा वाटा मोठा होता. तिने २००५ च्या आरंभापासून ते रद्द केल्याचे जाहीर केले खरे. मात्र मुदत टळून आठवडा लोटला की वस्तू विकली गेली असे समजून तिची किंमत गिऱ्हाइकाच्या खाती टाकली जाई, आणि या तजविजीबद्दल अनेक राज्यांनी तिला जाब विचारला. परत न करणाऱ्याला मालक ठरविणारी ही व्यवस्था दंडाहून विघातक होती, कारण दंड निदान ‘हे तुझे नव्हे’ एवढे तरी बजावीत असतो.

२०१० मध्ये त्या कंपनीने दिवाळे काढले. आपल्याकडील दुकाने केबलने आणि स्वस्त सीडींनी त्यापूर्वीच खिळखिळी केली होती. आता हवा तो चित्रपट घरबसल्या लागतो, हाती वस्तू येत नाही, म्हणून परत करण्याजोगेही काही उरत नाही. या सोयीची निंदा करणे कृतघ्नपणाचे होईल. पण ईशोपनिषदाने उपदेशिलेल्या त्यागपूर्वक भोगाला ‘आपल्यामागून कोणी आहे’ या जाणिवेचा आधार लागतो, आणि भयाने लागलेली सवयही कालांतराने ती जाणीव रुजवीत असे. व्यवहाराने आयती पुरविलेली अशी निमित्ते सरली असतील, तर ती आपण होऊन शोधणे हे यापुढे धर्मबुद्धीचेच काम समजले पाहिजे.