प्रेमाची किंमत कोणी मोजायची?

चिरनेरच्या जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांमध्ये नाग्या कातकरी हे नाव आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला, त्यात ते गेले. उरण तालुक्यात हे नाव शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. याच मुलखात, चिरनेरहून फार लांब नाही अशा कर्नाळ्याच्या सुळक्याभोवती आणखी एक नाग्या घडला, तो कादंबरीत. गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’मधला ठाकरांचा पोर. १९७७ मध्ये डॉ. जब्बार पटेलांनी त्याला पडद्यावर आणलं. पहिल्या नाग्याला जंगलावरचा हक्क हवा होता. दुसऱ्याला लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणी मधमाशीवर सूड उगवायचा होता आणि जिच्यावर जीव जडला ती चिंधी हवी होती. परिघावरच्या माणसाचं प्रेम आणि त्याचं स्वातंत्र्य मराठी सिनेमाने कसकसं पाहिलं, याचा माग काढायला आम्हा उरणकरांना कर्नाळ्याचा डोंगर सोयीचा आहे.

‘जैत रे जैत’ची चिंधी त्या काळाच्या मानाने भलतीच धीट. नवऱ्याला सोडून येते, आपला माणूस आपण निवडते आणि कुणाला त्याचा जाब देत नाही. शहरी मराठी सिनेमातल्या नायिकेला तेव्हा एवढी मोकळीक नव्हती, म्हणून ती ठाकरांच्या पोरीला देऊन टाकली, असं आज वाटतं. स्मिता पाटीलने चिंधीत जीव ओतला, ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत घराघरांत गेलं. सिनेमा सुंदर आहे, नजरही मायेची आहे. पण ती बाहेरून आलेली आहे. शहरातल्या माणसाला आदिवासी मोकळा दिसतो, कारण त्याला स्वतःला मोकळं व्हायचं असतं. आणि शेवटी नाग्याची जैत होते तेव्हा चिंधी उरत नाही. या मोकळेपणाची किंमत तिच्या जिवाने चुकती होते.

त्यानंतर बराच काळ हाच हिशेब चालू राहिला. विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक रंगभूमीवर आणलं ते १९८१ मध्ये. बाईने बाईवर प्रेम करणं मराठी प्रेक्षकासमोर ठेवायला केवढं धाडस लागलं असेल! पण तिथेही नायिका सुमित्राचा शेवट मरणातच होतो. ‘उंबरठा’ सिनेमात सुधारगृहातल्या दोन बायकांच्या नात्याकडे कथा एक प्रकरण म्हणून पाहते; हाताळायचं, डॉक्टरांना दाखवायचं, निकालात काढायचं. २००९ च्या ‘जोगवा’ने वेगळी वाट धरली. देवीला सोडलेला, साडी नेसवलेला तायप्पा आणि जोगतीण सुली यांना राजीव पाटलांनी आपापली इच्छा असलेली माणसं म्हणून उभं केलं आणि रूढीलाच जाब विचारला. तरी कथेचा सगळा भार प्रथेवर होता. प्रथा वाईट आहे, हे पटवून देण्यासाठी प्रेम कामाला आलं होतं.

खरा सांधा बदलला तो नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’ने. इथे कॅमेराच वस्तीतल्या माणसाच्या हातात आला. कैकाडी घरातला जब्या वर्गातल्या शालूवर जीव टाकून बसलाय, तिला वश करायला काळी चिमणी शोधत रानोमाळ भटकतोय. शाळेजवळ डुकरं पकडायचा तो प्रसंग आठवा. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्याचं अख्खं कुटुंब जिथल्या तिथे ताठ उभं राहतं. डुक्कर निसटून जातं. पुढे मारलेलं डुक्कर खांद्यावरून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा रंगवलेले दिसतात. एकही भाषण न करता मंजुळे सांगतात, की या पोराला प्रेम आणि माणूसपण एकाच वेळी नाकारलं जातंय. जब्याने भिरकावलेला शेवटचा दगड प्रेक्षकाच्या दिशेने येतो. किंमत कोणी मोजायची, हा सवाल तेव्हा पहिल्यांदा खुर्चीत बसलेल्यांवर उलटला.

मंजुळेंच्याच २०१६ च्या ‘सैराट’मागे मोठ्या स्टुडिओचा पैसा होता. पण नजर तीच होती. आमच्याकडे आगरी-कोळ्यांच्या हळदीला अजूनही त्यातलं ‘झिंगाट’ वाजलं की आजीपासून नातवापर्यंत सगळे मांडवात उतरतात. त्याच सिनेमाच्या शेवटी रक्तात उमटलेली लेकराची पावलं मात्र त्या मांडवात कुणी आठवत नाही. जातीबाहेरच्या जोडीदाराचा विषय निघाला की तीच माणसं गप्प होतात. गाणं आपलंसं करणं सोपं, गोष्ट पचवणं अवघड. ‘सैराट’चा शेवट खोटा म्हणायची सोय नाही, वर्तमानपत्रं रोज त्याची साक्ष देतात. पण सतत मरणच दाखवलं तर वयात येणाऱ्या पोरांना त्यातून एकच धडा मिळतो: प्रेम कराल तर मराल.

म्हणून मला रोहन परशुराम कानवडेंचा ‘साबर बोंडं’ या प्रवासातला मोठा टप्पा वाटतो. जानेवारी-फेब्रुवारी २०२५ च्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्या महोत्सवात पोहोचलेला हा पहिला मराठी चित्रपट. भारतात तो प्रदर्शित होताना कार्यकारी निर्मात्यांमध्ये मंजुळेंचंही नाव होतं. कथा साधी आहे. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो आणि लहानपणीचा सोबती बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. बाळ्या शेतकरी, लग्नासाठी घरच्यांचा तगादा त्याच्याही मागे आहे. भाऊबंद विचारत राहतात, ‘लग्न कधी?’ आईला सगळं ठाऊक आहे आणि ती पोराच्या पाठीशी उभी आहे. इथे पार्श्वसंगीतसुद्धा नाही. काटेरी निवडुंगाची गोड फळं एक पुरुष दुसऱ्यासाठी घेऊन येतो, एवढंच. प्रेमापायी कुणी मरत नाही. कुणी पळून जात नाही, कुणाला दगडही उचलावा लागत नाही.

संघर्षच नाही तर बंड कुठलं, असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून संमतीचे संबंध वगळले. ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. गुन्हा नाही, पण संसारही नाही, अशा या अधांतरी काळात दोन माणसांनी जिवंत राहून, आईच्या सावलीत एकमेकांजवळ बसणं हीच मोठी मागणी आहे. चिंधीपासून बाळ्यापर्यंत प्रेम आणि स्वातंत्र्याच्या कल्पनेने मजल मारली ती अशी: आधी मरून मोकळं होणं, मग प्रथेला जाब विचारणं, मग दगड उचलणं, आणि आता चारचौघांसारखं जगणं. हे बदललं, कारण गोष्ट सांगणारा बदलला. कानवडेंनी स्वतःच्या वडिलांच्या मृत्यूनंतर गावी काढलेल्या दिवसांतूनच ही गोष्ट उचलली.

आता आपल्याकडे या. पडद्यावर कोळीण दिसते ती टोपली, दागिने आणि गाण्यापुरती. मासळीच्या पैशाचा सगळा व्यवहार जिच्या हातात असतो, तिला स्वतःच्या पोरीच्या पसंतीबद्दल काय वाटतं, हे तिला कुणी विचारलेलं नाही. बंदरासाठी गाव सोडून बोरीपाखाडीला येऊन बसलेल्या हनुमान कोळीवाड्यात प्रेमं होतच असतील. लग्नात धवला गाणारी आगऱ्यांची धवलारीण किती घरांची गुपितं पोटात ठेवून गात असेल! अक्कादेवीच्या वाडीतल्या आजच्या नाग्यालाही सांगायचं काही असेलच. आपल्या पोरांच्या हातात मोबाइल आहेत आणि रीळ काढण्यात ती पटाईत आहेत. हळदीच्या नाचापलीकडे त्यांनी कॅमेरा आपल्याच घरात वळवावा. आणि त्यांनी काही कडू-गोड दाखवलं, तर समाजाची बदनामी झाली म्हणून त्यांच्या अंगावर धावून जाऊ नका. एवढं मोठ्यांनी केलं तरी पुरे.