न सुटणारा स्क्रू आणि आपले बळ

वाचकहो, जुना झालेला लॅपटॉप टाकून न देता त्यात अधिक क्षमतेची एसएसडी बसवावी आणि तो आणखी काही वर्षे वापरावा, हे काम आता अनेक घरांत होते. ही एसएसडी बहुधा २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब अशी पातळ पट्टी असते. तिचे एक टोक खाचेत बसलेले असते व दुसरे केवळ २ मिलिमीटर जाडीच्या एकाच स्क्रूने दाबून धरलेले असते. तो स्क्रू निघाला की पट्टी किंचित वर उचलली जाते आणि काम सरते. तो न निघाला तर नवी पट्टी व जुने यंत्र दोन्ही टेबलावर तशीच पडून राहतात. मग मनुष्य चिडतो, आणि चिडला की सर्वांत प्रथम हाताचे बळ वाढवितो.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो स्क्रूपुरता नाही. जे आपणापुढे नमत नाही त्यावर बळ वापरण्याचा अधिकार आपणास केव्हा प्राप्त होतो?

प्रथम स्क्रू का अडतो ते पाहू. एक कारण असे की, यंत्र तापते, निवते, हलते. त्यात स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून कारखान्यात पुष्कळदा त्यांच्या आट्यांना चिकट लेप दिलेला असतो. घट्ट राहणे हेच त्याला नेमून दिलेले काम आहे. आपण त्याला हट्टी म्हणतो ते आपल्या आजच्या गरजेवरून. दुसरे कारण आपल्या हातात असते. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले सर्व स्क्रू दिसावयास सारखे, परंतु स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकांना क्रमांक असतात. एका क्रमांकाने बारीक टोक घातले तर ते खाचेत पुरते बसत नाही, नुसते कडा खरवडते. जपानी पद्धतीची खाच तर नेहमीच्या फिलिप्स खाचेसारखीच दिसते, पण तिची घडण किंचित निराळी असते व फिलिप्सचे टोक तीतून निसटते. तिसरे कारण सर्वांत दुःखद आहे: आपल्या आधी कोणी तरी तो स्क्रू घाईने पिळलेला असतो. खाच तेव्हाच झिजली. दोष मात्र आज स्क्रूच्या माथी बसतो.

ही तिन्ही कारणे माणसांतही आढळतात, हे आपल्या लक्षात आले असेलच. वृद्ध आई राहते घर सोडावयास तयार होत नाही. त्या घराला धरून राहण्यातच तिचे आयुष्य गेले आहे. एका मुलाला जी बोलण्याची रीत लागू पडली ती त्याच्या भावाला लागू पडत नाही, आणि आपण भावालाच हेकट ठरवितो. एखादा सहकारी साध्या सूचनेनेही मिटून जातो. कोणत्या जुन्या अपमानाने त्याची खाच झिजली हे आपण कधी विचारलेलेच नसते.

जाणता कारागीर अशा वेळी काय करतो? बॅटरीची जोडणी आधीच सोडवून ठेवलेली असते. तो योग्य टोक शोधतो, ते सरळ उभे धरतो, खाली दाब अधिक देतो आणि पीळ कमी. कधी स्क्रू सोडविण्यापूर्वी किंचित आवळून पाहतो. कधी तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने स्क्रूचे डोके काही क्षण ऊबवतो, म्हणजे लेप मऊ पडतो. खाच झिजली असेल तर टोक व स्क्रू यांच्यामध्ये रबर बँडचा चपटा तुकडा ठेवतो, म्हणजे पकड मिळते. यात बळ नाही असे नाही. परंतु ते बळ रागाच्या आज्ञेत नसून जाणतेपणाच्या आज्ञेत असते.

तथापि एवढ्यावर थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही स्क्रू कशानेच निघत नाहीत. तेव्हा डोक्यात छिद्र पाडून ते उडवावेच लागते, आणि त्याआधी आजूबाजूचा भाग झाकून घ्यावा लागतो, कारण धातूचा एक कणही मंडलावर पडला तर शॉर्ट सर्किट होऊन सारे यंत्र निकामी होऊ शकते. माणसांच्या बाबतीतही बळाची वेळ येते. घरातील मद्यपी पुरुष बायकोमुलांना मारहाण करीत असेल, तर तेथे सौम्य उपाय शोधत बसणे ही सहनशीलता नव्हे. तो भ्याडपणा आहे, आणि त्याची किंमत दुसरेच मोजतात. तेथे दार अडवावे, पोलिसांना बोलवावे.

परंतु स्क्रू आणि मनुष्य यांतील भेद विसरता कामा नये. स्क्रू मोडला तर दुकानात दुसरा मिळतो. शिवाय स्क्रूला स्वतःची इच्छा नाही. माणसाला आहे, आणि आपल्या सोयीच्या आड येणे हा त्याचा अपराध ठरत नाही. म्हणून बळ वापरण्यापूर्वी स्वतःस तीन गोष्टी विचाराव्यात असे वाटते. या बळाने कोणाचे रक्षण होणार आहे, दुर्बळाचे की माझ्या सोयीचे? योग्य टोक मी खरोखर शोधले होते काय? आणि जे कण उडतील ते वेचावयास मी मागे थांबणार आहे काय? तिसऱ्या प्रश्नास बहुतेकांजवळ उत्तर नसते. मारकुट्या नवऱ्याला घराबाहेर काढणारे शेजारी पुष्कळ असतात. पुढच्या महिन्यात त्या घरी पीठमीठ आहे का हे पाहणारे थोडे.

वाचकहो, आपल्यापुढेही आज कोणी ना कोणी अडून बसलेले असेल. पीळ वाढविण्याआधी हात क्षणभर थांबवा, टोक बाहेर काढा आणि ते त्याच खाचेसाठी घडविलेले आहे काय, हे उजेडात धरून पाहा.