काचेपलीकडचा शेजारी

पैसे मोजून विकत घेतलेली शांतता माणसाला शेजाऱ्यापासून दूर नेते काय?

मर्सिडीझ-बेन्झ कंपनीने १९९१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात नवी एस-क्लास मोटार मांडली. तिच्या खिडक्यांना दुहेरी काच होती. अशा मोटारींचे मालक आतल्या निःशब्दतेचे गुण आवर्जून गातात. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. श्रमलेल्या मनाला निवांतपणा हवाच असतो.

परंतु शांतता आणि शांती एक नव्हेत. काच रस्त्यावरचा गोंगाट अडवते, तशीच कोणाची हाकही अडवते. दोहोंतला भेद तिला कळत नाही. तो ओळखणे हे आतल्या माणसाचे काम. काच खाली करण्याचे बटण त्याच्याच हाताशी असते.

ही मोटार एवढी मोठी, की सुरुवातीच्या काळात ती मागे घेताना तिच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांतून लहान दांड्या वर येत. मोटार कोठे संपते, हे चालकाला त्यांवरून समजे. संपत्तीलाही अशा दांड्या असाव्यात, असे आम्हांला वाटते. आपले कोठे संपते आणि शेजाऱ्याचे कोठे सुरू होते, हे ज्याला दिसते, त्याच्या वैभवाचा धक्का कोणास लागत नाही.