काचेआधी हवा

जुन्या खिडक्यांची तावदानं आणि मोडक्या दारांच्या चौकटी जोडून परसात काचघर उभं करायचं, ही कल्पना थंड मुलखातली. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे सहज जाणाऱ्या चंद्रपुरात ते घर रोपांची भट्टी होईल. रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं १९०९ मध्ये दोन खोकी उन्हात ठेवली, एकावर काच आणि दुसऱ्यावर सैंधवाची पट्टी. सैंधवातून उष्णतेचे किरण बाहेर निसटतात, काचेतून निसटत नाहीत. तरीही दोन्ही खोकी जवळपास सारखीच तापली. आतली हवा कोंडते, हेच तापण्याचं मुख्य कारण. म्हणून इथं टाकाऊतून हरितगृह बांधणाऱ्यानं काच शोधण्याआधी हवेची वाट ठरवावी. वर सावली, बाजू मोकळ्या आणि पावसाळ्यापुरतं उतरतं छप्पर एवढं पुरे. आपल्याकडे त्याला मांडव म्हणतात, आणि त्यासाठी कोणी अभियंता बोलवत नाही.

यावर कोणी म्हणेल, हिरवी जाळी बाजारात स्वस्त मिळते, मग भंगार कशाला? रास्त आहे. जाळी जरूर घ्यावी; पण अनुदानाच्या शेडनेटचा हिशेब गुंठ्यांत होतो, आणि चार वाफ्यांच्या वाडीला लोखंडी सांगाडा परवडत नाही. खर्च सांगाड्याचा असतो, वाचवायचा तोही तिथंच. जुने पाइप, उतरवलेल्या छपराच्या बल्ल्या, ठिबकच्या निकामी नळ्या हे सगळं चालतं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा मोह मात्र आवरावा. ही पोती उन्हानं ठिसूळ होतात आणि त्यांचे तुकडे मातीत मिसळतात, मग वेचता येत नाहीत. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे तर कापूही नयेत, त्यांची धूळ फुप्फुसात जाते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. जंगल शेजारी असताना बांबू फुकटच, असं समजलं जातं. पण उभा बांबू भंगार नव्हे, त्याला मालक असतो. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, तरी बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. एवढ्या झगड्यानंतर ज्याची किंमत ठरली, तो परसातल्या खेळासाठी गुपचूप तोडणं हे काटकसरीत बसत नाही. ग्रामसभेकडून किंवा बुरुडाकडून विकत घ्यावा, काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा, म्हणजे त्यातला भुंग्याला आवडणारा गोडवा निघून जातो. एवढं करूनही जमिनीत पुरलेलं टोक आधी कुजतं. ते दगडावर टेकवलं, तर सांगाडा आणखी काही पावसाळे काढतो.