उडीचा धर्मविचार

निकडीचे कारण नसताना माणसाने स्वतःचा जीव जाणूनबुजून धोक्यात घालावा की नाही, हा प्रश्न धर्मशास्त्राला नवा नाही. नवे आहे ते इतकेच, की अशा धोक्याच्या सोयीसाठी आता खास विमाने घडवली जातात. पाठीला हवाई छत्री बांधून आकाशातून उडी घेण्याच्या खेळाला स्कायडायव्हिंग म्हणतात. या खेळासाठी पूर्वी सेस्ना कॅराव्हॅन किंवा ट्विन ऑटर यांसारखी, मुळात प्रवासी व माल वाहण्यासाठी बनवलेली विमाने वापरली जात आणि आजही वापरली जातात. परंतु न्यूझीलंडमधील पॅसिफिक एरोस्पेस कंपनीचे, २००१ मध्ये प्रथम उडालेले ७५०एक्सएल हे विमान उडी घेणाऱ्यांची गरज समोर ठेवूनच आखले गेले. शेतात आकाशातून खत पसरणाऱ्या क्रेस्को या जुन्या विमानाच्या पंखांवर ते आधारलेले असून त्यात सतरा जण बसू शकतात. इतर प्रवासी विमानांचे यश सर्वांना घेऊन उतरण्यात असते, तर या विमानाचे यश रिकामे होऊन परतण्यात असते, आणि म्हणूनच ते तत्त्वचिंतकाच्या नजरेत भरते.

अशा विमानाकडून केल्या जाणाऱ्या अपेक्षा पाहिल्या, तर उडीविषयीचा एक रूढ समज ढासळतो. आखूड धावपट्टीवरून उठणे, भराभर उंची गाठणे, उडत असताना उघडता येणारे रुंद दार असणे आणि उडीच्या क्षणी संथ वेगातही स्थिर राहणे, हे गुण त्यात असावे लागतात. दार मागच्या बाजूला असल्यामुळे अनेक जण एकाच वेळी तेथे जमले, की विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळे वजन ज्या बिंदूपाशी तोलले जाते तो बिंदू, मागे सरकतो. वेग आधीच कमी असेल तर पंखांचा उचल देण्याचा जोर संपून विमान कोसळण्याचा धोका निर्माण होतो. दाराशी किती जणांनी यावे आणि कोणत्या क्रमाने उडी घ्यावी, हे त्यामुळे उडी घेणाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. ज्याला एकट्याचे धाडस समजले जाते, त्यात रचनाकार, यंत्रज्ञ, वैमानिक आणि सहकारी हे सर्व गुंतलेले असतात; वैमानिक तर स्वतः खेळात भाग न घेता त्या धोक्याचा वाटेकरी होतो.

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या नर्मदेच्या काठी जीव धोक्यात घालण्याच्या या मूळ प्रश्नाचे एक जुने रूप सापडते. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या ओंकारेश्वराच्या बेटावरील कड्यावरून भैरवाचे भक्त स्वतःला खाली झोकून देत असत, आणि ही प्रथा १८२४ च्या सुमारास ब्रिटिश अमलात बंद पडली. उंच कड्यावरून देह टाकण्याच्या या आचाराला भृगुपतन म्हणतात. अतिवृद्ध किंवा असाध्य रोगाने ग्रासलेल्या माणसाला काही स्मृतिवचनांनी त्याची मुभा दिली होती. पुढे मात्र कलिवर्ज्यांमध्ये, म्हणजे कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या आचारांच्या यादीत, वृद्धांच्या अशा मरणाचा समावेश झाला. बाहेरून पाहणाऱ्याला भृगुपतन आणि छत्रीची उडी यांतील पहिले काही क्षण सारखेच दिसतील, कारण दोन्हींत माणूस आपल्या पायांनी आधार सोडतो. फरक संकल्पात आहे, म्हणजे कर्माआधी मनात ठरवलेल्या हेतूत: भृगुपतन करणाऱ्याला परतायचे नसते, छत्री घेणाऱ्याला परतायचेच असते.

तथापि परतण्याचा हेतू असला म्हणजे धोका आपोआप निर्दोष ठरतो, असे नाही. बेफिकीर माणसालाही मरायचे नसतेच. येथे भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील तामस कर्माचे लक्षण उपयोगी पडते. अनुबंध म्हणजे मागून येणारे परिणाम, क्षय म्हणजे होणारी हानी, हिंसा म्हणजे इतरांना पोहोचणारी पीडा आणि पौरुष म्हणजे स्वतःचे सामर्थ्य, या चारांचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म तेथे तामस म्हटले आहे. या लक्षणात भीतीची निंदा नाही आणि धाडसाची स्तुतीही नाही. कर्त्याने आधी मोजमाप केले का, एवढेच त्यात विचारले आहे. सुमारे १३,००० फुटांवरून, म्हणजे नंदुरबारच्या धडगाव तालुक्यातील अस्तंभा शिखराच्या जवळजवळ तिप्पट उंचीवरून, उडी घेणारा माणूस ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने मिनिटभर खाली येतो. मुख्य छत्री बिघडली तर दुसरी राखीव छत्री असते, आणि तो बेशुद्ध पडला तर जमिनीपासून साधारण ७५० फुटांवर ती छत्री आपोआप उघडणारे यंत्रही सोबत असते. हानीचा विचार आधी होऊन गेला आहे, याचीच ही साधने साक्ष देतात.

या कसोटीतून प्रत्यक्ष मिळालेल्या फळाला जाणीवपूर्वक वगळले आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये, आधी सरावाची एकही उडी न घेता, उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून पहिली उडी घेतली, २००६ मध्ये अंटार्क्टिकावर उडी घेतली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उडी सुखरूप झाली म्हणून ती योग्य होती, असे म्हणणारा माणूस उद्या एखाद्या अपघातानंतर दगावलेल्याला मूर्ख ठरवायलाही मोकळा होतो. दोन्ही वेळा तो कर्माऐवजी निकालाचाच विचार करत असतो. गीतेची कसोटी लावायची, तर उडीच्या आदल्या क्षणापर्यंत काय पारखले गेले होते, हे पाहावे लागते, आणि ते बहुधा प्रेक्षकाला दिसतच नाही.

विमान सोडण्याच्या कृतीला त्याग म्हणावे का, हा पुढचा प्रश्न आहे. मज्झिमनिकायातील अलगद्दूपमसुत्तात बुद्धांनी सांगितलेला तराफ्याचा दृष्टांत प्रसिद्ध आहे: पैलतीर गाठल्यावर तराफा डोक्यावर घेऊन चालू नये, त्याप्रमाणे साधन म्हणून स्वीकारलेल्या धर्मालाही चिकटून राहू नये. विमान मात्र पैलतीरावर सोडले जात नाही, अधांतरी सोडले जाते, आणि ते सोडणाऱ्याच्या पाठीवर दुसरे साधन असते. म्हणून येथे साधनत्याग घडत नाही, एका साधनाकडून दुसऱ्याकडे जाणे घडते. सोडली जाते ती फक्त मधल्या क्षणाची खात्री. श्रद्धेचे खरे स्थान तेथे आहे. जे तपासता येते ते न तपासता ठेवलेला भरवसा ही श्रद्धा नसून आळस होय; तपासता येण्याजोगे सर्व तपासून झाल्यावर जो अटळ भाग उरतो, त्याला सामोरे जाण्याची मनाची तयारी म्हणजे श्रद्धा.

अस्तंभा शिखराशी निगडित लोकश्रद्धा या विचाराला आणखी खोली देते. धनत्रयोदशीच्या सुमारास सातपुड्यातील या शिखरावर अश्वत्थाम्याच्या दर्शनाला भाविक रात्रीची चढण चढतात. कपाळावरची जखम घेऊन, तीवर लावायला तेल मागत तो अजून फिरतो, अशी समजूत आहे. त्याचे चिरंजीवित्व हा शाप आहे. ज्याला मरण नाही त्याच्या उडीत जोखीम नाही, म्हणून धैर्यही नाही. मर्त्य माणसाचेच धाडस अर्थपूर्ण असते, कारण त्याच्याकडे गमावण्यासारखे काही असते. परंतु याच कारणाने त्याचे आयुष्य काटेकोरपणे जपण्याचे कर्तव्यही त्याच्या सोबतच्या सर्वांवर येते.

हे कर्तव्य खेळापुरते मर्यादित ठेवणे तर्काला धरून होणार नाही. १५ जानेवारी २०१९ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात भुषा येथे नर्मदेत भाविकांनी भरलेली नाव उलटली आणि मृतांमध्ये लहान मुलेही होती. त्या मुलांनी धोका निवडला नव्हता. अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष यांचा विचार त्यांच्या वतीने दुसऱ्यांनी करायचा होता. आपल्या इच्छेने उडी घेणाऱ्यासाठी राखीव छत्री, स्वयंचलित यंत्र आणि खास आखलेले विमान असावे, यात गैर काही नाही. उलट तीच धोक्याची धर्म्य रीत आहे. मात्र स्वेच्छेने पत्करलेल्या धोक्याला जेवढा विचार लाभतो, त्याहून अधिक विचार वाट्याला आलेल्या धोक्याला लाभला पाहिजे, कारण ज्याला नकार देण्याची संधीच नसते त्याच्या पौरुषाची परीक्षा घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. एखादा समाज धाडसाची किती कदर करतो, यावरून त्याच्या धर्मबुद्धीविषयी फारसे कळत नाही. नदी ओलांडणाऱ्यासाठी तो काय तजवीज करतो, यावरून पुष्कळ कळते.